चुकलेल्या उत्तरालाही वाट हवी : माझा अनुभव

प्रश्नमंजूषेचे मोबाइल खेळ मी अनेक वर्षे आवडीने खेळत आले आहे आणि त्यांतली एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. उत्तर चुकले की लाल चौकट उमटते, गुण जातात आणि पुढचा प्रश्न येतो. आपण काय समजून चुकलो, याची दखल कोणीच घेत नाही. म्हणून असा एक खेळ स्वतःच तयार करायचे मी ठरवले, ज्यात प्रत्येक प्रश्न हा गोष्टीतला एक प्रसंग असेल आणि निवडलेल्या उत्तरागणिक गोष्टीला निराळा फाटा फुटेल.

पहिला अडसर गणिताचा होता. दहा प्रश्न आणि प्रत्येकाला तीन पर्याय असतील, तर सगळे फाटे वेगळे ठेवल्यास ५९,०४९ शेवट लिहावे लागतात. त्यामुळे फुटलेले फाटे दोन-तीन प्रसंगांनंतर पुन्हा मुख्य वाटेला आणून मिळवायचे, मात्र खेळणारा कोणत्या वाटेने आला हे खेळाने लक्षात ठेवायचे, अशी रचना मी स्वीकारली. क्रिस क्लिमस यांनी २००९ मध्ये तयार केलेले ‘ट्वाइन’ हे मोफत साधन इथे फार उपयोगी पडले, कारण त्यात प्रत्येक प्रसंग एका चौकोनात दिसतो, चौकोनांना जोडणारे बाण दिसतात आणि एखादी वाट कुठेच पोहोचत नसेल तर ती लगेच नजरेत भरते.

खरा कस लागला तो प्रश्न लिहिताना. गोष्टीत एका जहाजाचे होकायंत्र फुटते आणि तांडेलाला रात्री उत्तर दिशा शोधायची असते. आधी मी पर्यायांत ध्रुव, व्याध आणि शुक्र अशी नावेच दिली होती. साहजिकच खेळून पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्रुव निवडला आणि बाकीच्या दोन वाटा कोणी उघडल्याच नाहीत. मग मी नावे काढून टाकली आणि तांडेलाला जे दिसते तेवढेच लिहिले : आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, सप्तर्षीतल्या पुलह आणि क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे वाढवल्यावर भेटणारा मध्यम तेजाचा तारा, आणि पश्चिमेला मावळतीकडे झुकलेला ठळक ठिपका. आता बहुतेकांनी पहिला पर्याय निवडला, कारण ध्रुवतारा सर्वांत तेजस्वी असतो ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. तो मान व्याधाचा आहे आणि व्याध त्या वेळी दक्षिणेच्या आकाशात असतो.

या चुकीच्या वाटेवर मी सर्वाधिक मेहनत घेतली. जहाज दक्षिणेकडे जाते. साठ सागरी मैल दक्षिणेला गेले की ध्रुवतारा क्षितिजाकडे सुमारे एक अंश खाली सरकतो, त्यामुळे तीन रात्रींनी तांडेलाच्या लक्षात येते की उत्तरेकडचा तो ओळखीचा तारा पूर्वीपेक्षा खाली आला आहे. इथे खेळणाऱ्याला स्वतःची चूक आकाशात दिसते. ती सांगायला लाल चौकटीची गरज उरत नाही. पुढे जहाज वळते, पण पिण्याचे पाणी कमी झाल्याची नोंद राहते आणि नंतरच्या बंदरावरचा प्रसंग त्यानुसार बदलतो.

चाचणीत माझ्या दहा वर्षांच्या भाचीने एक दोष अचूक पकडला. “मावशी, सगळ्यात लांब उत्तरच बरोबर असतं ना?” असे तिने विचारले आणि मी तपासले, तर ते खरेच होते. बरोबर उत्तर निःसंदिग्ध व्हावे म्हणून त्यात नकळत जास्त शब्द घातले गेले होते. सगळे पर्याय मापात आणण्यात आठवडा गेला. फोन आला की गोष्ट पहिल्यापासून सुरू होत असे, तो दोष मात्र प्रत्येक निवडीनंतर प्रगती साठवून लवकर सुटला.

बदलत्या आकड्यांवरचे प्रश्न मी पूर्णपणे वगळले. मार्च २०२५ मध्ये शनीच्या १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्यांची संख्या २७४ झाली. साध्या प्रश्नमंजूषेत असा आकडा बदलून भागते, परंतु इथे त्या उत्तरावर उभे असलेले सगळे प्रसंग नव्याने लिहावे लागतात.

सध्या शुक्राची वाट लिहिणे चालू आहे. या वाटेने जाणारे जहाज पश्चिमेकडे निघते, पण सायंकाळी दिसणारा शुक्र सूर्यास्तानंतर काही तासांतच मावळतो आणि उरलेली रात्र तांडेलापाशी धरून चालायला काहीच राहत नाही. बरोबर उत्तर माहीत असूनही भाची मुद्दाम तीच वाट धरते आणि अपुऱ्या प्रसंगापाशी येऊन थांबते, म्हणून आधी ती रात्र पूर्ण करायला घेतली आहे.