राव मरे

मागच्या महिन्यात एका रविवारी दुपारी बिअरचा ग्लास खिडकीच्या कठड्यावर ठेवला आणि विसरलो. पाऊस आला, गच्चीवरचे कपडे काढायला धावलो, तेवढ्यात शेजाऱ्याच्या माडाचं झावळं विजेच्या तारेवर पडलं. ते बघायला सगळा वाडा जमला, त्यात मी. तासाभराने परत येतो तो फेस गेलेला, गारवा गेलेला आणि बिअर अशी नितळ की पलीकडचे खिडकीचे गज मोजता यावेत.

ही बिअर माझीच. सामान मात्र भाच्याचं. नोकरीसाठी बंगळूरला जाताना त्याने फ्लॅटमधलं होतं नव्हतं ते विकलं, आणि जे कुणी फुकटही नेईना ते आमच्या फोंड्याच्या घरी आणून टाकलं. काचेचा बुधला, त्याच्या बुचात बसणारी वाकडी नळी, रबरी पाइप, हायड्रोमीटर आणि यीस्टची चार पाकिटं. "मामा, निवृत्त झालात, वेळ जाईल," म्हणाला. वेळ जातोय. अबकारीवाले ललित लेख वाचत नसावेत अशी आशा आहे.

पहिल्या खेपेला 10 लिटर केली. यीस्टला म्हणे 18 ते 20 अंश हवेत. गोव्यात जूनमध्ये 18 अंश फक्त बँकेत असतात. म्हणून बुधला पाण्याच्या टबात बसवला, त्याला ओला टॉवेल गुंडाळला, आणि सकाळ-संध्याकाळ बर्फ केलेल्या पाण्याच्या बाटल्या टबात सोडल्या. ताप आलेल्या पोराचं करावं तसं सगळं. बायको येता-जाता विचारायची, "उतरला का?" दोन आठवड्यांनी नळीने वरचं वर काढून बाटल्या भरल्या, प्रत्येकीत चिमूटभर साखर घालून बुचं ठोकली, आणखी दोन आठवडे थांबलो. मग पहिली बाटली फ्रिजमध्ये गार करून मोठ्या थाटात ग्लासात ओतली.

पेज. उकड्या तांदळाची, वरची निवळ काढून झाल्यावर उरते ती.

चव वाईट नव्हती. पण मला गढूळ पेय घशाखाली जात नाही, हा माझा जुना रोग. चहासुद्धा मी आधी उजेडात धरतो. सोलकढीला माफी आहे, कारण तिथे नारळाचा दोष आहे. बाकी सरबत, कढण, सार, औषधाची बाटली, सगळं एकदा खिडकीकडे धरायचं आणि मग तोंडाला लावायचं. हॉटेलात मी पाण्याचा ग्लास असा उचलला की मुलगी टेबलाखालून पाय मारते.

भाच्याला फोन केला. तो हसला. म्हणाला, "मामा, इकडे लोक मुद्दाम गढूळ बिअर मागतात, जास्त पैसे मोजून." जर्मनीतली गव्हाची बिअर गढूळच असते म्हणे, आणि ती तशीच असावी असा तिथल्या लोकांचा आग्रह. मग त्याने इतिहास काढला. पूर्वी बिअर दगडी, लाकडी, कथलाच्या मगांतून प्यायची, आत काय तरंगतंय ते कोण बघतो? 1842 साली बोहेमियातल्या प्लझेन गावी योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने सोनेरी, काचेसारखी बिअर काढली. पुढे काचेचे ग्लासही स्वस्त झाले, आणि बिअर डोळ्यांनी प्यायची सोय झाली. म्हणजे माझा रोग पावणेदोनशे वर्षांचा निघाला. मला बरं वाटलं.

आमच्याकडे दरसाल हंगामात सत्तरीहून हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, घेऊन येणारा एक माणूस आहे. त्याला एक ग्लास दाखवला. त्याने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि फार दयाळूपणे म्हणाला, "भाटीत घालून काढा, नितळ येईल."

तर तो कठड्यावरचा ग्लास. मी दुसरी बाटली काढली, ओतली, पेज. तीही तासभर ठेवली, काच. म्हणजे गार असताना गढूळ आणि कोमट झाली की स्वच्छ. आता कोमट बिअर गोव्यात कोण पितो? पुन्हा फोन. याला नाव आहे म्हणे, चिल हेझ. धान्यातली प्रथिनं आणि सालीतली, हॉप्सच्या फुलांतली तुरट द्रव्यं थंडीत एकमेकांना धरून बसतात. ऊब मिळाली की सोडतात. मला यात वावगं काही वाटलं नाही. पावसाळ्यात आमच्या घरातली माणसंही तशीच बसतात, एका खोलीत, एका चादरीत, आणि ऊन पडलं की चार दिशांना.

उपाय तीन-चार आहेत. करतानाच धान्याचा रस खळखळून उकळायचा आणि मग झटक्यात गार करायचा, म्हणजे बरीचशी प्रथिनं तिथेच गोळा होऊन खाली जातात. ही वेळ माझ्या हातून गेली होती. उकळी संपायला 10-15 मिनिटं असताना एक समुद्री शेवाळ टाकतात, तीही वेळ गेली होती. उरलं काय, तर जिलेटीन, नाहीतर आयझिनग्लास. जिलेटीन सोपं, 20 लिटरला अर्धा चमचा, उकळत्या नव्हे, नुसत्या कडक गरम पाण्यात विरघळवून घालायचं. पण ते हाडांपासून, कातड्यापासून होतं. कुणाच्या, ते डब्यावर लिहिलेलं नव्हतं. आमच्या घरात हा प्रश्न चटकन मिटणारा नाही.

"आणि ते दुसरं?" बायकोने विचारलं.

"माशाच्या पोटातली हवेची पिशवी. वाळवून."

"कुठला मासा?"

पूर्वी रशियातल्या स्टर्जनची वापरत. आपल्याकडे घोळ माशाची निघते. कोळी तिला बोत म्हणतात, आणि माशापेक्षा बोतच महाग जाते. हे ऐकल्यावर तिचा चेहरा मोकळा झाला. "मासाच ना? मग चालतंय की. फक्त सोमवारी प्यायची नाही. सोमवारी आपण शिवराक." इंग्लंडातल्या पबांमधून शतकानुशतकं पिंपांत हीच पिशवी विरघळवून घालत आले, पण सोमवारचा विचार तिथे कुणाला सुचला असेल असं वाटत नाही.

ही पिशवी करते काय? यीस्टच्या कणांवर ऋण भार असतो. सगळे एकाच भाराचे, म्हणून एकमेकांना ढकलत राहतात, कुणी कुणाजवळ येत नाही, आणि सगळेच अधांतरी तरंगत राहतात. आमच्या देवस्थानच्या महाजनांची सभा डोळ्यांसमोर आणा. पिशवीतल्या कोलॅजनवर धन भार असतो. तो मधे आला की कण त्याला चिकटतात, गोळे होतात, जड होतात, तळाला जातात. सभेत असा माणूस अजून आलेला नाही.

हे भाचा सांगत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे एक हात गोल गोल फिरत होता. आजीचा.

डिचोली तालुक्यात आईचं माहेर. अंगणाच्या कडेला चिऱ्यांनी बांधलेली विहीर. सांजावाच्या, म्हणजे जूनअखेरच्या विहिरीत उड्या मारायच्या सणाच्या, सुमारास ती काठोकाठ भरायची आणि पहिल्या मोठ्या पावसात तांबडी व्हायची, वीट पाण्यात उगाळावी तशी. आजी दोन घागरी शेंदून हंड्यात ओतायची. मग कोनाड्यातला तुरटीचा खडा काढायची. खड्याला सुतळी बांधलेली. ती तो पाण्यात सोडून सात वेळा फिरवायची. सातच. आठव्यांदा फिरवला तर पाणी तुरट होतं म्हणायची. तिची आई तुरटी वापरत नसे, ती निवळीची बी घागरीला आतून घासायची. आजीला ती फारशी पसंत नव्हती, "कोण घासत बसतो?"

तुरटी फिरवून झाली की हंड्याला हात लावायचा नाही. मी मात्र शेजारी उकिडवा. पाण्यात आधी काहीच होत नाही. मग अगदी बारीक तांबडी फुलं दिसायला लागतात, पाण्यात पाणी फाटल्यासारखी. ती फुलं घरंगळत खाली जायला निघाली की माझा धीर सुटायचा आणि मी बोट घालायचो. सगळं पुन्हा वर. आजी चुलीपासूनच, मागे न बघता, म्हणायची, "राव मरे." थांब ना रे. तिला कसं कळायचं कोण जाणे. पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे.

निवळणं या शब्दात करणारा कुणी नाही. पाणी निवळतं, आकाश निवळतं, भांडणं निवळतात. आपण गाळतो, चाळतो, उपसतो, पण निवळतं ते आपलं आपण. यातून मला काहीतरी मोठं सुचलं होतं, रविवारी, त्या कठड्यापाशी. तेवढ्यात वीजखात्याची माणसं झावळं काढायला आली, आणि ते गेलं.

शेवटी मी ना जिलेटीन घातलं ना बोत. उरलेल्या बाटल्या फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात उभ्या केल्या आणि तीन आठवडे हात लावला नाही. पुरती गार होऊ द्यायची, गढूळ होऊ द्यायची आणि तशीच ठेवायची, म्हणजे ती प्रथिनांची आणि तुरट द्रव्यांची जोडी हळूहळू तळाला बसते. खालचा खण भाजीचा. तिथून भेंडी, दोडके, तवशी बाहेर आल्या, त्यांच्यावरून जे व्हायचं ते झालं. बाटली उचलून बघायची हुक्की रोज यायची. उचलली की तळचं वर, हे बोट घालणाऱ्याला कुणी सांगायला नको. काल संध्याकाळी एक काढली, तिरकी धरून, श्वास रोखून ओतली, तळचं दोन बोटं बाटलीतच ठेवलं. गार आणि नितळ. खिडकीकडे धरली. गज दिसले.

आजीची विहीर पुढे फार वर्षं टिकली नाही. डोंगराच्या पलीकडे खनिजाची खाण होती. खाणीचा खड्डा खोल गेला, खड्ड्यातलं पाणी रात्रंदिवस पंपाने उपसून ओहोळात सोडायचे, आणि इकडे विहिरीचं पाणी दरसाल हातभर खाली. शेवटी ओहोळ तांबडा आणि विहीर कोरडी. मग टँकर यायला लागला. टँकरचं पाणी स्वच्छ असायचं. तरी आजी त्यात तुरटी फिरवायची, सात वेळा, आणि बसायला काही नसलेल्या पाण्याजवळ थोडा वेळ थांबायची. खाणी 2012 साली थांबल्या. त्याआधीच ती गेली होती.

कोनाड्यातला खडा मी आणला. तेव्हा लिंबाएवढा होता, सुतळीसकट. आता सुपारीएवढा उरलाय, माझ्या दाढीच्या डब्यात असतो. दाढी झाली की गालावरून फिरवतो, चुरचुरतं. आमच्याकडे ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्राचं पाणी येतं, नळाला. तेही मी एकदा उजेडात धरतो.