६० किलोचा बाटला, अर्धा किलो वायू

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं, तेव्हा मी माणगावच्या भाड्याच्या खोलीत दाराला पाठ लावून बसलो होतो. त्या काळात रायगडातल्या आठ मोबाइल टॉवरांच्या पायथ्याशी बसवलेले फ्युएल सेल माझ्या ताब्यात होते. टॉवर दुसऱ्याचा, त्यावरचे रेडिओ तिसऱ्याचे, पण महावितरणची लाइन गेली की टॉवर जागा ठेवायचं काम माझ्या यंत्राचं. म्हसळ्याच्या बाजूला डोंगरावर असलेल्या एका साइटवरचे त्या वादळानंतरचे चार दिवस माझ्या डोक्यातून अजून गेलेले नाहीत.

फ्युएल सेल अनेकांनी पाहिलेला नसतो, म्हणून थोडं सांगतो. यात काहीही जळत नाही. एका अंगाने हायड्रोजन येतो, दुसऱ्या अंगाने साधी हवा, आणि मध्ये जाड प्लॅस्टिकच्या पिशवीएवढा पडदा, दोन्हीकडून प्लॅटिनमचा हात फिरवलेला. हायड्रोजनचा प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातो. इलेक्ट्रॉनला तिथून वाट नसते, म्हणून तो तारेतून फिरून येतो. ती वीज. पलीकडे प्राणवायूशी गाठ पडली की पाणी तयार होतं. लोड असताना एक सेल जेमतेम ०.६ ते ०.७ व्होल्ट देतो, म्हणून पावाचे काप रचावेत तसे ७०-७५ सेल एकापुढे एक दाबून बसवतात. त्याला स्टॅक म्हणतात. धूर नाही, थरथर नाही, फक्त पंख्याचा आवाज आणि मधूनमधून हायड्रोजनच्या अंगाला साचलेलं पाणी बाहेर फेकणाऱ्या व्हॉल्व्हचा ‘टक्’. त्या टकटकीवरून स्टॅकची तब्येत मला दारातून कळायची. एका युनिट विजेमागे साधारण अर्धा लिटर पाणी पडतं. नळीखाली कोणीतरी घमेलं ठेवलेलं असायचं आणि गावात त्याला सगळे ‘पाण्यावरची मशीन’ म्हणायचे. ती पाण्यावर चालत नाही, पाणी बनवते, हे मी प्रत्येक खेपेला समजावून सांगायचो. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जेमिनी यानांत हेच तंत्र होतं, आणि अपोलोतले अंतराळवीर फ्युएल सेलचंच पाणी प्यायचे, हेही सांगायचो. घमेलं काही हललं नाही.

वादळानंतर दीड दिवस माझ्या फोनला रेंज नव्हती. ५ तारखेला पहाटे पिकअपमध्ये हायड्रोजनचे भरलेले सहा बाटले, म्हणजे सिलिंडर, फिल्टर आणि पाना-पक्कडची पिशवी टाकून निघालो. लॉकडाऊनचा पास खिशात होता, पण विचारायला रस्त्यावर कोणी नव्हतं. आंब्याची, फणसाची झाडं मुळासकट आडवी. माणसं कोयते आणि करवती घेऊन स्वतःच रस्ता मोकळा करत होती. सुपारीच्या वाड्या तर काडीसारख्या मोडलेल्या. साइटच्या फाट्यापासून वरचा कच्चा रस्ता बंद होता. बाटले खालीच ठेवून मी चालत वर गेलो.

नऊ वाजता पोचलो. दारातूनच टकटक ऐकू आली आणि जीव भांड्यात पडला. लाइन ३ तारखेला सकाळी अकराला गेली होती, म्हणजे ४६ तास यंत्र एकट्याने चाललं होतं. पण यंत्राच्या स्क्रीनवरचे आकडे बरे नव्हते. सतरा नंबरचा सेल ०.४८ व्होल्टवर आला होता, शेजारचे दोनही घसरत होते. आणखी थोडं खाली आले असते तर यंत्र स्वतःच बंद पडलं असतं. हवेचा फिल्टर बाहेर काढला. वादळाने किसलेला आंब्याचा पाला हिरव्या लगद्यासारखा त्यावर बसला होता, आणि बोट लावून जिभेवर ठेवलं तर खारट. समुद्राची खारी हवा स्टॅकचा शत्रू आहे. त्यातलं सोडियम पडद्यात शिरलं की प्रोटॉनची जागा अडवतं आणि सेल कायमचा अशक्त होतो. किनाऱ्याजवळच्या साइटला दुहेरी फिल्टर लावा असं मी दोनदा लिहून दिलं होतं. फिल्टर बदलला, आठ-दहा वेळा हाताने पाणी झाडलं, आणि सतरा नंबर ०.६१ वर आला. तो आकडा वर चढताना पाहण्याचं सुख दुसऱ्या कुठल्या कामात मला मिळालेलं नाही.

मग रेडिओच्या रॅककडे वळलो, आणि तिथे मायक्रोवेव्हचा दिवा लाल होता.

टॉवरला नुसती वीज असून भागत नाही. या टॉवरवरचा कॉल मायक्रोवेव्हने समोरच्या डोंगरावरच्या मोठ्या टॉवरला जातो आणि तिथून पुढे. त्याला आम्ही हॉप म्हणतो. समोरचा टॉवर डिझेल जनरेटरवर होता, टाकी अर्धीच भरलेली होती आणि ती संपली होती. नोंदीत वेळ होती: ३ जून, रात्री ८.४०. म्हणजे त्यानंतरचे ३६ तास माझा फ्युएल सेल एका मुक्या टॉवरला १.८ किलोवॅट वीज पुरवत होता. ६५ युनिट, सात बाटले. साइटवरच्या बारापैकी अडीच उरले होते.

यंत्राची चूक नव्हती. त्याचा कंट्रोलर फक्त ४८ व्होल्टची लाइन बघतो. व्होल्टेज पडलं की चालू. ज्याला वीज देतोय तो बोलतोय की नाही, हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही. हॉपच्या अलार्मची एक तार कंट्रोलरला जोडली असती तर काम झालं असतं. खर्च शंभर-दोनशे रुपयांचा. तीन वर्षं मी त्या रॅकसमोर उभा राहत होतो आणि हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. नंतर मी ते लिहून पाठवलं, आकृतीसकट. उत्तर आलं नाही.

कंट्रोल रूमला विचारायची सोय नव्हती. मी सगळे रेडिओ बंद करायला घेतले, तेवढ्यात मागून आवाज आला, “अहो, चालू आहे ते कशाला बंद करताय?” वॉचमनकाकांनी इन्व्हर्टरच्या प्लगवर गावाची सोय केली होती. लाकडी फळीवर तीसेक मोबाइल ओळीने चार्जिंगला लावलेले, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. रेंज नसताना चार्जिंग कशाला, असं मी विचारलं. काका म्हणाले, “रेंज आली आन् फोन बंद असला तर?”

ते खरंच होतं. मग मी असं केलं: दोन्ही कंपन्यांचे रेडिओ ब्रेकरवरून बंद केले आणि फक्त मायक्रोवेव्ह व प्लग चालू ठेवला. तेवढा लोड बॅटरी झेलते. बॅटरी उतरली की फ्युएल सेल थोडा वेळ चालून ती भरतो. एका कंपनीच्या माणसाने पुढे मला फोनवर जाब विचारला की परवानगीशिवाय आमचा लोड का काढला. त्याला मी काय सांगायचं? त्याच्या रेडिओतून तेव्हा एक शब्दही बाहेर जात नव्हता.

६ तारखेला संध्याकाळी पाचला दिवा हिरवा झाला. समोरच्या डोंगरावर एका पोराने खांद्यावरून २० लिटरचा कॅन चढवला होता. मी फक्त टू-जी चालू केलं, ७०० वॅट. डेटा चालू केला असता तर वायू रात्रीतच संपला असता. नुसत्या बोलण्यावर तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पुरणार होता. फळीवरचे मोबाइल एकदमच वाजू लागले, तीन दिवसांचे अडकलेले मेसेज. एका चाचींचा मुलगा कुवेतला होता. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला आणि एकच वाक्य चार वेळा सांगितलं: “पत्रे गेले, माणसं आहेत.”

आता पुढचं, ज्यासाठी हे लिहायला घेतलं. ७ तारखेला सकाळी चार गडी मिळाले आणि खालचे बाटले वर आणले. बाटला लाल, व्हॉल्व्हवर टोपी घट्ट, दोरीने बांबूला आडवा टांगून दोघांच्या खांद्यावर. एक बाटला ६० किलोच्या आसपास. निम्म्या वाटेवर टेकवला तेव्हा पुढच्या गड्याने विचारलं, “साहेब, यात गॅस किती?”

“अर्धा किलो. थोडा जास्त.”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला वाटलं मी त्याला खोटं सांगतोय.

१५० बारला दाबूनही ४७ लिटरच्या बाटल्यात तेवढाच मावतो, इतका हा वायू हलका. त्यातून साधारण नऊ युनिट वीज निघते. किलोमागे बघितलं तर हायड्रोजनला जोड नाही, एका किलोत ३३ युनिटची ऊर्जा, डिझेलच्या पावणेतीनपट. पण आम्ही डोंगर चढवत होतो ते लोखंड. कमी लोडवर रडतखडत चालणारा जनरेटरसुद्धा लिटरमागे अडीच युनिट देतो. म्हणजे समोरच्या पोराचा २० लिटरचा एक कॅन म्हणजे माझे साडेपाच बाटले, ३३० किलो. त्यावर वाहतुकीचे नियम, रिकामे परत नेण्याची खेप, बाटल्याचं भाडं आणि दर काही वर्षांनी दाबचाचणी. फ्युएल सेल महाग असतो म्हणून परवडत नाही, हे मी कित्येक बैठकांत ऐकलं. स्टॅकची किंमत एकदाच मोजावी लागते. बाटला दर खेपेला चढवावा लागतो.

पुढे २०२३ च्या जानेवारीत राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं, तेव्हा ओळखीच्या सगळ्यांनी मला अभिनंदनाचे मेसेज पाठवले. मिशन चांगलंच आहे; खत कारखाने आणि तेलशुद्धीकरणाला हायड्रोजन टनांनी लागतो आणि आज तो नैसर्गिक वायूपासून बनतो. पण चर्चा होते ती कारखान्याच्या फाटकातल्या दराची. कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत हायड्रोजन आजही जोडउत्पादन म्हणून निघतो, तो फाटकात स्वस्तच असतो. डोंगरावर पोचेपर्यंत किमतीत वायूचा वाटा थोडा आणि लोखंडाचा व डिझेलच्या ट्रकचा मोठा. जपानमध्ये २००९ पासून घरोघरी छोटे फ्युएल सेल बसले, कारण शहराच्या पाइपातून गॅस दारात येतो आणि वाया जाणाऱ्या उष्णतेवर आंघोळीचं पाणीही तापतं. अमेरिकेच्या मोठ्या गोदामांत फोर्कलिफ्टला ते परवडतात, कारण वायू एकाच ठिकाणी टँकरने येतो आणि दोन-तीन मिनिटांत भरून होतो. पुण्यात २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे विकसित झालेली फ्युएल सेलची बस लोकांसमोर आली तेव्हा मला मनापासून आनंद झाला. बस पंपावर जाऊ शकते. माझा टॉवर कुठे जाणार?

मिथेनॉलचा मार्ग आहे. तो द्रव आहे, कॅनमध्ये नेता येतो, यंत्रात त्यापासून हायड्रोजन काढायचा. पण सोबत कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि दशलक्षात दहा भागांवर तो गेला की साध्या स्टॅकचं प्लॅटिनम गुदमरतं. त्याला जास्त तापमानावर चालणारा स्टॅक लागतो, तापायला वेळ लागतो. तरी डोंगरासाठी मला तोच बरा वाटतो.

२०२१ च्या अखेरीस आमची आठही यंत्रं काढायचा आदेश आला. बदली लिथियम बॅटरी आणि डिझेल. हिशोब मी स्वतः तपासला, चुकीचा नव्हता. त्या हिशोबात ६ जूनची संध्याकाळ कुठल्या रकान्यात टाकायची ते मला आजही ठरवता येत नाही. आणि प्रामाणिकपणे मांडायचं तर आधीचे ३६ तासही त्याच कागदावर लिहावे लागतील.

म्हसळ्याच्या साइटचं सामान काढायला तेच गडी आले होते. बारा बाटले बांबूला टांगून खाली उतरवले. शेवटचा बाटला टेकवताना पुढच्याने खांदा चोळत विचारलं, “हे रिकामेच ना?”

“हो.”

“वजनात फरक नाय वाटत.”

“अर्ध्या किलोचा आहे,” मी म्हणालो.