कोळ्यापासून थोडं मागे

रविवार, रात्री

या दिवसांत रविवारी कास पठारावर जायचं म्हणजे फुलांपेक्षा गाड्याच जास्त बघायच्या, म्हणून सकाळी इथे साताऱ्यातच अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने चार भिंतीकडे चालत गेले. कॅमेरा, फ्लॅश आणि त्याचा उजेड मऊ करायला माझा तो ट्रेसिंग पेपरचा डिफ्युझर. पावसाने उघडीप दिलेली, घाणेरीच्या झुडपांत जिकडेतिकडे जाळी. सिग्नेचर स्पायडर तर भरपूर, जाळ्यात पांढरी नागमोडी नक्षी काढून मधोमध बसलेल्या, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखे पसरलेल्या.

मला हल्ली एकच गोष्ट पटायला लागलीय, की कोळ्याचा फोटो जवळ जाऊन जेवढा सुधारतो त्यापेक्षा मागे सरकून जास्त सुधारतो. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर बघावं तर कोळी फ्रेमभर कोंबलेला, दोन पाय कापलेले, आणि कुठे बसलाय काही कळत नाही. आज एका कोळिणीपासून थोडी मागे झाले तर जाळ्याच्या कडेला तिचा नर दिसला, इवलासा, तिच्यापुढे अगदीच किरकोळ, जवळून घेतला असता तर फोटोत आलाच नसता. आता तो फोटो दोघांचा झाला, ती मध्ये आणि तो कोपऱ्यात, मधलं अंतरच बघण्यासारखं.

शिवाय साधं गणितही आहे. १:१ ला, म्हणजे कोळी जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर पडतो तेव्हा, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ ८ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम मिलिमीटरभर जागा शार्प राहते. अजून बारीक, एफ २२ करून सुटका नाही, कारण एवढ्या जवळून ॲपर्चर दुप्पट बारीक असल्यासारखं वागतं आणि डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरल्याने, डोळ्यांसकट सगळंच मऊ पडतं. त्याच एफ ८ ला निम्म्या मॅग्निफिकेशनवर, म्हणजे सेन्सरवर कोळी निम्माच पडेल इतकं मागे, आलं की शार्प पट्टा साधारण तिप्पट होतो. पण मग घरी येऊन क्रॉप करून पुन्हा फ्रेमभर केला तर त्यातला निम्मा फायदा गेला, म्हणून लहान दिसतोय तर दिसू दे लहान. जाळ्यातल्या कोळ्याला तर अजून सोपं, कॅमेरा जाळ्याला समांतर धरायचा, आठही पाय एका पातळीत येतात.

बॅकग्राउंडला मात्र आज वैताग आला. फ्लॅशचा उजेड कोळ्यापर्यंत पोचतो आणि मागे लगेच संपतो, त्यामुळे भर सकाळी काढलेला फोटो मध्यरात्रीचा वाटतो. काहींना तो काळा पडदा आवडतो, मला नाही. शटर १/६० सेकंद इतकं हळू आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, ८०० केल्यावर मागचा हिरवा जरा उतरला, फक्त वारा थांबायची वाट बघत बसायचं, नाहीतर पायांना सावलीसारखी दुसरी कड येते.

दुपारी घरात खिडकीच्या चौकटीवर उड्या मारणारा कोळी सापडला. सासूबाई म्हणाल्या, "अगं दसरा आला, जळमटं काढायची सोडून त्यांचे फोटो काय काढतेस?" म्हणलं आई, हा जाळं विणून शिकार पकडत नाही, जळमटं याची नव्हेत. याचे आठ डोळे, पुढचे दोन मोठे, आणि बाजूच्या डोळ्यांना हालचाल कळली की हा स्वतःच वळून बघतो, आपण फक्त त्याच्या पातळीला लेन्स आणून गप्प राहायचं. वरून काढला की नुसती पाठ येते. तो बघतोय त्या बाजूला जागा जास्त सोडायची. आणि डिफ्युझर जितका मोठा तितकी डोळ्यातली चमक मऊ, उघड्या फ्लॅशची नुसती टाचणीएवढी टोचते.

एडिटिंगला रात्र झाली. हायलाइट्स, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली, कारण पांढरी नक्षी आणि पाठीची चंदेरी लव पहिली जळते. व्हाइट बॅलन्स थोडा उबदार. शार्पनिंग मास्क लावून फक्त डोळे आणि तोंडापुरतं, सगळीकडे लावलं की बॅकग्राउंडला दाणे येतात. क्लॅरिटीला तर हात लावत नाही, त्या स्लायडरने कोळ्याच्या केसांचा तारेचा ब्रश होतो. मागे चमकणारं एक वाळकं पान ब्रशने काळपट केलं. जाळ्याचे धागे मात्र पुसत नाही, ते पुसले की कोळी हवेत तरंगतो आणि फोटो खोटा वाटतो. सिग्नेचरवाली डोकं खाली करून बसते म्हणून फोटो उलटा करणारेही आहेत. उलटा केला की जाळ्याचं वजन, लटकलेली काडी, सगळं वर चढायला लागतं, आणि त्यातल्या कोणालाच ते खटकत नाही याचं मला नवल वाटतं.

नवऱ्याला दोघांचा फोटो दाखवला तर म्हणाला, "छान आहे, पण कोळी कुठाय?" त्याला वॉलपेपरला फक्त कोळीण पाहिजे, मोठी. दिली क्रॉप करून, पाय कापून.