सहा दिवस, १३० मैल आणि मास्टवरचा अँटेना

आत्ताच परत आलोय. डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून काढतो, कारण शिडाच्या बोटीवर मोबाइल इंटरनेटसाठी बाहेरचा अँटेना घ्यायचा विचार करणाऱ्यांना आमच्या या सफरीतून बरंच काही मिळेल असं मनापासून वाटतं. बोट ३४ फुटी, आम्ही दोघं, किनाऱ्याला समांतर सहा दिवसांचा प्रवास, किनारा कधी ४ मैलांवर तर कधी १८ मैलांवर (सगळे मैल नॉटिकल). नेट हवं होतं ते मुख्यतः हवामानाच्या अंदाजाची फाइल उतरवायला आणि घरी रोज एक मेसेज टाकायला, पिक्चर बघायला नाही.

निघताना सेटअप असा होता: मास्टच्या (डोलकाठीच्या) टोकाला, पाण्यापासून १५ मीटरवर, ९ डीबीआयचा (अँटेना सिग्नल किती एकवटतो त्याचं माप) अँटेना, तिथून खाली राउटरपर्यंत १८ मीटर आरजी-५८ केबल. धक्क्यावर बांधलेलं असताना टेस्ट केली तेव्हा चारही कांड्या, स्पीड पण झकास, त्यामुळे आम्ही निर्धास्त निघालो.

पहिल्या दिवशी ५-६ मैलांपर्यंत छान चाललं, मग दुपारी वारा वाढला, बोट २० अंश कलली आणि नेट गेलं. मजा बघा, टॅक बदलताना (वारा दुसऱ्या बाजूने घ्यायला बोट वळवताना) बोट क्षणभर सरळ झाली की सिग्नल लगेच वर यायचा, दुसऱ्या बाजूला कलली की परत खाली. राउटरच्या पानावर आरएसआरपी (टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलची ताकद, उणे आकडा मोठा तेवढा सिग्नल कमी) मायनस १०२ वरून मायनस ११५ पर्यंत घसरताना आम्ही दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा कुठे खरं कारण लक्षात आलं.

अँटेनावरचा डीबीआयचा आकडा म्हणजे ताकद वाढवणं नसतं, तीच ताकद आडव्या चकतीत दाबून बसवणं असतं. आकडा मोठा तेवढी चकती पातळ. ९ डीबीआयला उभ्या दिशेत साधारण १४ अंशच मिळतात, म्हणजे मधोमधपासून वर ७ आणि खाली ७. बोट २० अंश कलली की चकतीची एक बाजू आभाळात आणि दुसरी पाण्यात. टॉवर नाकासमोर किंवा पाठीमागे असेल तर फार फरक पडत नाही, कारण कलण्याचा अक्ष त्याच दिशेत आहे, पण किनाऱ्याने जाताना टॉवर बहुतेक वेळा बाजूलाच असतात ना, म्हणजे सगळ्यात वाईट कोनात. मोटरबोटीवर ९ डीबीआय चालून जाईल, शिडावर नको. ३ ते ५ डीबीआय घ्या, त्यात चकती चाळीस अंशांच्या आसपास जाड असते. आणि बोट फायबरची असेल तर अँटेनाला ग्राउंड प्लेन (खाली धातूचा पत्रा) लागत नाही ना ते आधी बघून घ्या, गाडीच्या पत्र्याच्या टपावर लावायचे अँटेना फायबरच्या डेकवर नीट चालत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नांगर टाकल्यावर, बोट अगदी सरळ उभी असताना, दुसरी गोष्ट कळली. कांड्या दोन दिसत होत्या पण मेसेज जाईचना. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो, आपला राउटर किंवा फोन जास्तीत जास्त २०० मिलिवॅटने उत्तर देतो, म्हणून ऐकू येतं पण आपलं पोचत नाही. आणि त्या २०० मिलिवॅटमधलं केबल किती खाते? आरजी-५८ ही ९०० मेगाहर्ट्झला मीटरमागे साधारण अर्धा डीबी (डेसिबल) खाते, १८ मीटरला झाले ९. म्हणजे ९ डीबीआयच्या अँटेनाचा सगळा फायदा केबलमध्येच जिरला! १८०० मेगाहर्ट्झला तर १३-१४ डीबी जातात, आणि दर ३ डीबीला ताकद अर्धी होते हे लक्षात घेतलं तर वर पोचतं ते किरकोळच.

तिसऱ्या दिवशी बंदरात थांबून बदल केला. सोबत ४ डीबीआयचे दोन सारखे अँटेना आणि एलएमआर-२४० केबलचं वेटोळं होतं. जुन्या केबलच्या टोकाला नवी बांधून मास्टमधून ओढून घेतली (सांधा टेपने निमुळता करा, नाहीतर मास्टच्या आत अडकतो, आमचा एकदा अडकला आणि तासभर त्यातच गेला). ही केबल १८ मीटरला ९०० मेगाहर्ट्झवर साडेचार डीबी खाते. कागदावर हिशोब केला तर जुना सेटअप शून्य आणि नवा उणे अर्धा, म्हणजे काहीच कमावलं नाही, पण कललेल्या बोटीवर नव्याचा सिग्नल जागचा हलला नाही, आणि आम्हाला तेच हवं होतं. पुढच्या वेळी एलएमआर-४०० टाकणार आहे, ती सव्वादोन डीबीच खाते. जाडी १० मिलिमीटर, १८ मीटरचं वजन पावणेदोन-दोन किलो, वळायला ताठ, तरी माझ्या मते परवडतं.

दुसरा अँटेना मागच्या रेलिंगला काठीवर लावला, पाण्यापासून साडेतीन मीटर, केबल फक्त ४ मीटर. साधारण १० मैलांपर्यंत हा खालचाच मास्टवरच्यापेक्षा सरस ठरला, कारण केबलमध्ये फारसं काही जात नाही. त्यापुढे मात्र उंचीच जिंकते. हिशोब सोपा आहे: उंचीचं मीटरमध्ये वर्गमूळ घ्या, ४.१२ ने गुणा, तेवढे किलोमीटर तुमचं रेडिओ क्षितिज (सिग्नल सरळ पोचतो ते अंतर), त्यात टॉवरचं तसंच मिळवा. १५ मीटरचे १६ किलोमीटर, साडेतीन मीटरचे पावणेआठ, हातातल्या फोनचे जेमतेम सहा. टॉवर ३० मीटर उंच असेल तर त्याचे साडेबावीस. म्हणजे मास्टवरून ३८, रेलिंगवरून ३०. टेकडीवरचा टॉवर मिळाला तर आणखी लांबून धरतो, म्हणून नकाशावर किनाऱ्यालगतच्या टेकड्या आधीच खुणा करून ठेवा. खूप लांबवर ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झचे बँडच उपयोगी पडतात, राउटरला बँड लॉक करायची सोय असेल तर तिथे ते लॉक करा, नाहीतर तो उगाच वरच्या बँडकडे उड्या मारत बसतो.

राउटरला अँटेनाची दोन तोंडं असतात, त्यातलं मेन लिहिलेलं तोंड बोलतं पण आणि ऐकतं पण, दुसरं नुसतं ऐकतं. आम्ही लांब असताना मास्टवरचा मेनला, जवळ आलो की रेलिंगवरचा मेनला असं अदलाबदल करत होतो. स्पीड हवा तर दोन्ही तोंडांना अँटेना हवेतच. घेताना पिन बघून घ्या, एसएमए आणि आरपी-एसएमए बाहेरून सारखे दिसतात, फिरवले तर बसतात सुद्धा, पण आत पिन आणि तिचं भोक यांची जोडी जुळतच नाही.

काही जण राउटरच मास्टवर डबीत बसवून खाली इथरनेट आणतात. त्यात केबलचा प्रश्न मिटतो हे खरं, पण बिघडला तर भर समुद्रात वर चढावं लागतं, म्हणून मला ते पटत नाही. व्हीएचएफचा (बोटीवरच्या रेडिओचा) अँटेना यासाठी वापरता येईल का असंही विचारलं जातं, तर नाही, तो १५६ ते १६२ मेगाहर्ट्झचा आहे. उलट नवा अँटेना त्याच्यापासून जमेल तितका लांब, शक्यतो मीटरभर अंतरावर लावा, कारण संकटात उपयोगी पडेल तो चॅनेल १६च, मोबाइलच्या भरवशावर राहू नका. बूस्टरला (सिग्नल वाढवणाऱ्या यंत्राला) बऱ्याच देशांत परवानगी लागते, तेव्हा घेण्याआधी नियम वाचा.

चौथ्या रात्री पाऊस आला आणि सकाळी मास्टवरचा सिग्नल ८ डीबीने खाली. मी वरच्या सांध्याला साधी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती, पाणी शिरलं. वर चढून कनेक्टर सुकवला, ताणून गुंडाळायची रबराची टेप लावली, त्यावर उन्हासाठी दुसरी टेप, आणि केबलला सांध्याखाली एक झोका दिला म्हणजे पाणी तिथून ठिबकून जातं.

सहाव्या दिवशी पहाटे १६ मैलांवर होतो, वाऱ्याने बोट चांगलीच कललेली, आरएसआरपी मायनस ११३ वर स्थिर. अंदाजाची फाइल मिनिटभरात उतरली. त्यात दुपारनंतर वारा २५ नॉटच्या वर दाखवत होता, म्हणून शेवटचा टप्पा सोडून दिला, जवळच्या खाडीकडे वळलो आणि साडेदहाला नांगर टाकला.