पायाचा संधिवात: मऊ चप्पल नको, कडक तळ हवा

पाय दुखतो म्हटलं की कोल्हापुरात कुणीही सांगतं, 'मऊ चप्पल घाला की.' अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा झिजला असेल तर हा सल्ला उलटा पडतो. टाच उचलली की हा सांधा वर वाकतो. तळ जितका लवचीक, तितका तो जास्त वाकतो नि ठणकतो. म्हणून तळ पुढे कडक आणि टोकाला किंचित उचललेला हवा, म्हणजे पाऊल न वाकता पुढे घरंगळतं.

मग कोल्हापुरी चालेल का? तळ कडक असला तरी नाही. टाचेमागे पट्टा नसल्यानं ती पायात राहावी म्हणून बोटं सतत आवळली जातात, अंगठ्याची वादी दुखऱ्या जागेशी घासते आणि तळपायाच्या कमानीला आधार नसतो. लग्नात तासभर घाला, रंकाळ्याच्या फेरीला नको.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून लांब बोटापुढे साधारण १ सेंमी जागा सुटते का बघा. बूट दोन्ही हातांनी पिळा. फडक्यासारखा पिळला गेला किंवा टाचेची बाजू बोटानं चेपली, तर परत ठेवा. वेगळं इनसोल (बुटाच्या आत घालायची गादी) वापरणार असाल तर ते सोबत न्या, नाहीतर नेमका बसणारा बूट घरी येऊन घट्ट होतो. पावलावर हाडाचा उंचवटा असेल तर तेवढ्या जागी लेसची आडवी फेरी सोडा.

पोटरी ताठ असली की भार पुढच्या पावलावर येतो. भिंतीला हात टेका, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीवर: ३० सेकंद, ३ वेळा. टाच उचलली गेली तर ताण पोटरीला मिळतच नाही. मग खुर्चीत बसून बोटं न वाकवता कमान वर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा. इथे बहुतेक जण बोटंच आवळतात. अंगठा हातानं जोर लावून वाकवू नका; हाड वाढलेलं असेल तर ते तिथंच अडतं, ढिलं होत नाही.

व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांत उतरलं नाही तर दुसऱ्या दिवशी व्यायाम निम्मा करा. घरात फरशीवरही आधाराची चप्पल हवी. अंबाबाईच्या दर्शनाला जाड मोजे चालतील, पण ओल्या फरशीवर ते घसरतात.

अंगठा एका रात्रीत लाल, गरम, टम्म झाला तर व्यायाम बंद आणि डॉक्टर गाठा. तो गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात) किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. मधुमेहानं पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्याचा शेक घेऊ नका आणि बूट घालण्याआधी आत हात फिरवून खडा नाही ना, हे बघा.