पान ८७ वरचा ठिपका

पान ८७, वरून सहावी ओळ. ‘घर’मधल्या ‘र’च्या डोक्यावर एक पुसट ठिपका. मी वहीत टिपून ठेवलं : ‘घरं नको, घर हवं. अनुस्वार काढणे.’ संध्याकाळी अशा एकोणीस दुरुस्त्यांची यादी डीटीपी करणाऱ्या, म्हणजे संगणकावर पानं लावणाऱ्या मुलाला पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. “काकू, ८७ वर अनुस्वार नाहीच आहे. फाइल उघडून बघितली, प्रिंट काढून बघितली. कुठेच नाही.” मी तावातावाने ई-रीडर हातात घेतला, पान ८७ काढलं. ठिपका गायब.

तीस वर्षं मुद्रितं, म्हणजे छापण्याआधीची प्रुफं, तपासतेय मी. नसलेला अनुस्वार दिसायची ही पहिलीच वेळ. असलेला न दिसणं कैक वेळा झालंय, ते सोडा.

मग मागचं पान उघडलं. पान ८६ वर नेमक्या त्याच जागी ‘त्यांचं’ होतं आणि त्यातल्या एका अनुस्वाराची सावली पुढच्या पानावर उरली होती. या पडद्याची गंमतच तशी आहे. त्याच्या आत केसाच्या जाडीच्या असंख्य कुप्या असतात. प्रत्येक कुपीत काळे कण आणि पांढरे कण, एकमेकांच्या विरुद्ध विद्युतभाराचे. पांढरे म्हणजे टायटेनियम डायऑक्साइड, भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. भार फिरवला की काळे वर येतात, पांढरे तळाला जातात, आणि एकदा वर आले की वीज काढून घेतली तरी जागचे हलत नाहीत. म्हणून पान समोर नुसतं असेल तर त्याला वीज लागत नाही, लागते ती पान उलटताना. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधल्या कामातून १९९७ मध्ये ई इंक ही कंपनी निघाली, तिचं हे तंत्र. पण पानागणिक सगळे कण पूर्ण हलवायचे तर पडदा काळापांढरा लुकलुकतो, ते डोळ्यांना खुपतं. म्हणून काही पानं तो अर्धवट पुसूनच पुढे सरकतो.

हे सगळं मी आईला समजावून सांगितलं. ती त्या यंत्राला पहिल्या दिवसापासून ‘पाटी’ म्हणते. ती म्हणाली, “पाटी नीट पुसली नाही तर मागचं दिसणारच की गं. आम्ही थुंकी लावून पुसायचो.”

थुंकीच्या जागी सेटिंगमध्ये एक खटका निघाला, दर पानाला पूर्ण पुसण्याचा. तो चालू केला. पण तोवर माझ्या लक्षात आलं होतं की मी चुकीच्या कामासाठी चुकीची वस्तू आणून बसले आहे.

ही पाटी मी २०१९ मध्ये घेतली. तेरा हजारांची, सहा इंची. हिशोब साधा होता. प्रकाशक आता प्रुफं कागदावर पाठवत नाहीत, पीडीएफ पाठवतात. संगणकासमोर आठ तास बसून डोळ्यांची आग होते. ई-रीडर कागदासारखा दिसतो, मग प्रुफं त्यावरच वाचावीत. दुकानात एक कादंबरी उघडून बघितली होती, अक्षर टपोरं, स्वच्छ, ३०० पीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके. कादंबरीच्या ओळी पडद्याच्या मापाने नव्याने लागतात, पीडीएफचं पान मात्र गोठलेलं असतं, हे माझ्यासारख्या छपाईतल्या बाईला कळायला हवं होतं. कळलं नाही.

सहा इंच हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं. प्रत्यक्षात पडदा साधारण ९ सेंटीमीटर रुंद आणि १२ उंच. आपलं डेमी, म्हणजे नेहमीच्या पुस्तकाचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं, म्हणजे १४ बाय साडेएकवीस सेंटीमीटर. ते पान या पडद्यावर मावायचं तर निम्म्याहून थोडं मोठं राहतं. पॉइंट म्हणजे अक्षराचं माप; १३ पॉइंटात लावलेला मजकूर सव्वासात पॉइंटांचा होतो. ए-फोर असेल तर विचारूच नका, १२ पॉइंटांचे जेमतेम ५ उरतात. इंग्रजी माणूस कदाचित ५ पॉइंटही वाचेल. देवनागरीत ओळीच्या वर रफार, मात्रा, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार. ५ पॉइंटात ‘रु’ आणि ‘रू’ जुळ्या बहिणी दिसतात. आणि अनुस्वार म्हणजे काय हो? ठिपका. पडद्यावर धूळ बसली तरी शुद्धलेखन बदलतं.

समास कापून बघितले, यंत्र आडवं धरून बघितलं. आडवं धरलं की डेमी पानाचं अक्षर जवळजवळ मूळ मापाचं दिसतं, पण पान दोन तुकड्यांत येतं. वरचा तुकडा, खालचा तुकडा, पुढचं पान, वरचा तुकडा. प्रूफ वाचणाऱ्याला पान एका नजरेत लागतं. शेवटची ओळ एकटी पुढच्या पानावर लोंबकळतेय का, पानाचा आकडा बरोबर बाजूला आहे का, शीर्षकाखाली किती जागा सोडलीय, हे तुकड्यांत दिसत नाही.

माझ्या मुलाने त्याचा जुना टॅबलेट दिला तो २०२२ मध्ये. १०.२ इंची, रुंदीला डेमी पानापेक्षा थोडा जास्त, त्यामुळे डेमी पान त्यावर जवळजवळ मूळ मापात बसतं. ए-फोर सुद्धा सत्तर टक्के दिसतं, म्हणजे १२ चे साडेआठ पॉइंट, चष्मा लावून चालतं. वर पेन. पीडीएफवरच काकपद, म्हणजे राहिलेलं अक्षर घालायची खूण, काढायचं, समासात लिहायचं, गोल करायचा, फाइल परत पाठवायची. काचेवर पेन घसरतं, म्हणून खरखरीत फिल्म चिकटवली. तिने अक्षर किंचित मंद दिसतं, पण पेनाला कागदासारखी पकड मिळते. कामाचा प्रश्न त्या दिवशी मिटला. भिशीच्या ग्रुपवरचे निरोप मध्ये मध्ये टपकतात, त्यावर विमानाचं चिन्ह दाबणं हा एकच उपाय मला ठाऊक आहे.

लोक सांगतात की पीडीएफ ‘कन्व्हर्ट’ करून घ्या, म्हणजे ई-रीडरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. इंग्रजीत होतं तसं. मराठीत काय होतं ते सांगते. आपल्याकडे वर्षानुवर्षं पुस्तकं श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींतल्या, युनिकोड ही सगळ्या लिप्यांची एकसारखी संकेतपद्धत रुळण्याआधीच्या फॉन्टांत लावली गेली. त्या फाइलमध्ये मराठी असं काही नसतंच. संगणकाच्या लेखी तिथे भलतीच चिन्हं असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. मुखवटा काढला की चिन्हांचा कचरा. बरं, नीट बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांचीही एक खोड असते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ‘कि’मधली वेलांटी आधी आणि ‘क’ नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, ‘क’ आधी. रफाराचं नेमकं उलट : डोळ्यांना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, उच्चारात मात्र ‘र’ आधी येतो. ही अदलाबदल चुकली की ‘मूर्ती’ची ‘मूतीर्’ होते आणि ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’. जुन्या बातम्या नेटवर वाचणाऱ्यांना ही मंडळी ओळखीची असतील. माझ्यासाठी ते वाचन नव्हे, शिक्षा आहे.

अमेझॉनने डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं आणली. ती मुळात युनिकोडमध्ये केलेली, त्यामुळे पाण्यासारखी वाहतात. पण मला जे वाचायचं असतं त्यातलं बरंच तिथे नसतं. ते असतं आर्काइव्ह डॉट ऑर्गवर, ग्रंथालयांनी स्कॅन केलेलं, पन्नास-साठ एमबींचं, पिवळ्या पानांचं, मध्येच कुणाचा तरी अंगठा आलेलं. यात शब्द नसतातच, पानांची छायाचित्रं असतात. त्यातून पुस्तक १९६२ पूर्वीचं असेल तर अनुच्चारित अनुस्वारांचा सडा. साहित्य महामंडळाच्या नियमांनी ते अनुस्वार त्या साली गेले, पण स्कॅनमध्ये अजून सगळे जागेवर आहेत, शिवाय कागदावरचे डाग आणि वाळवीची भोकं. कुठला ठिपका लेखकाचा आणि कुठला किड्याचा, हे ठरवायला बोटांनी पान मोठं करून बघावं लागतं. टॅबलेटवर ते झटक्यात होतं. पाटीवर प्रत्येक चिमटीला पडदा दचकतो, दम खातो, मग दाखवतो.

मुलाने एकदा के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाच्या फुकट प्रोग्रामातून असं एक पुस्तक काढून दिलं. तो छायाचित्रातले शब्द कात्रीने कापल्यासारखे वेगळे करतो आणि छोट्या पडद्याच्या मापाने पुन्हा ओळी लावतो. शिरोरेखेमुळे आपले शब्द अखंड राहतात, हे बघून मला उगीच अभिमान वाटला. गद्य चांगलं वाचता आलं. मध्ये एक ओवी आली, तिच्या ओळी त्याने गद्यासारख्या जोडून टाकल्या. तळटीपा तर वाक्याच्या पोटात.

आणि कोश. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही नेटवर शोधता येतील असे ठेवले आहेत. टॅबलेटवर अर्ध्या पडद्यात प्रूफ, अर्ध्या पडद्यात कोश. पूर्वी टेबलावर जाडजूड खंड उघडे ठेवून मी हेच करायचे आणि मांजर नेमकं त्यावर येऊन बसायचं.

आता पाटीची बाजू. आमचं घर साताऱ्यात, अंगण पूर्वेला. थंडीत सकाळी उन्हात बसून वाचायचं तर टॅबलेटमध्ये माझाच चेहरा दिसतो, तोही खालून. पाटी उन्हात जास्तच खुलते, कारण ती उजेड टाकत नाही, पडलेला परत करते. रात्रीसाठी तिच्या कडेला बारीक दिवे आहेत, ते डोळ्यांत न जाता पडद्यावर सांडतात. पावसाळ्यात वीज दिवस-दिवस जाते तेव्हा टॅबलेट संध्याकाळी मान टाकतो, पाटी दोन-तीन आठवडे चालते. वजनाला पावशेरही नाही. आई ऐंशीची आहे, मनगटं दुखतात, टॅबलेट तिला दोन मिनिटंही पेलत नाही. पाटीवर तिने अक्षर इतकं मोठं केलंय की ओळीत चार शब्द मावतात आणि जेवल्यावर खिडकीशी बसून ती कादंबऱ्या संपवते. मोतीबिंदूच्या आधी सोडलेलं वाचन तिने पाटीवर पुन्हा धरलं.

झोपेचंही लोक बोलतात. २०१४ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १२ जणांना सलग पाच-पाच रात्री झोपण्याआधी चार तास वाचायला बसवलं होतं, एकदा आयपॅडवर आणि एकदा छापील पुस्तकात. आयपॅडवाल्या रात्री झोप उशिरा लागली. मला त्यात नवल वाटलं ते झोपण्याआधीच्या चार तासांचं. आमच्याकडे कुणाला मिळतात?

म्हणजे काम टॅबलेटवर, करमणूक पाटीवर, अशी वाटणी मी करून टाकली होती. तीन वर्षांपूर्वी ती मोडली. एका आत्मचरित्राचं तिसरं प्रूफ झालं होतं, फाइल छापखान्यात जायची होती. प्रकाशक म्हणाले, ई-बुकही काढतोय, ईपब म्हणजे त्याची फाइल तयार आहे, सवडीने नजर टाका. पुस्तक युनिकोडमध्ये लावलेलं होतं. मी ते पाटीवर घेतलं आणि दुपारी पडल्या पडल्या आईच्या मापाच्या अक्षरात वाचू लागले. दहाव्या मिनिटाला ओळीच्या ऐन मध्यावर ‘महा-राष्ट्र’ दिसलं, मध्ये रेघ घातलेलं.

तीन वेळा वाचलेलं पुस्तक. छापील मांडणीत तो शब्द ओळीच्या टोकाला मोडत होता, म्हणून डीटीपी करणाऱ्याने हाताने रेघ टाकली होती, आणि तिथे ती बरोबरच दिसत होती. नंतर वरच्या परिच्छेदात दोन शब्द वाढले असते, तर ती रेघ छापील पुस्तकातही ओळीच्या मध्ये येऊन बसली असती. पाटीवर ओळी कुठेही मोडतात, फॉन्ट वेगळा, माप वेगळं. ज्या पानाची नजरेला सवय झालेली असते ते पानच उरत नाही. पुढे ‘स्वतः’ मध्ये विसर्गाऐवजी कोलन टाकलेला सापडला, छापील फॉन्टमध्ये दोघांचे ठिपके सारखे होते, इथे कोलनाचे चौकोनी निघाले. एक अख्खं वाक्य दोनदा आलेलं सापडलं, छापील पानात ते एकदा तळाला आणि एकदा पुढच्या पानाच्या माथ्याला होतं.

पान मोडतं म्हणून मी त्या यंत्राला तीन वर्षं नावं ठेवली होती.

तेव्हापासून शेवटचं वाचन पाटीवर. आईकडून ती मागून घ्यावी लागते, ती कादंबरीच्या मध्यावर असली तर दोन दिवस थांबावंही लागतं. प्रकाशकाला मी सांगते की पुस्तक ‘मुरायला’ ठेवलंय. एकच अडचण, आकड्यांची. अक्षर मोठं केलं की पडद्यावरची पानं छापील पानांशी जुळत नाहीत, आणि आमच्या धंद्यात दुरुस्ती सांगायची ती पान आणि ओळ धरूनच. परवाही तो मुलगा फोनवर पेन घेऊन बसला होता.

“हां काकू, सांगा. पान कितवं?”

“पान नाहीये रे. ‘महा-राष्ट्र’ शोध, रेघेसकट.”

कळफलकाचा आवाज आला.

“तीन निघाले.”