हळू वाजणारा ड्रमकिट

सोमवार, रात्री उशिरा

गाण्याची चाल बसली, पेटी आणि गिटार रेकॉर्ड झाली, आता गाडी ड्रम्सपाशी अडली आहे. डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये खरा ड्रमसेट आणायचा तर आधी सोसायटीची सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल. स्टुडिओत जाऊन वाजवून घ्यायचं म्हटलं तर ड्रमरचं मानधन, तासांचं भाडं आणि वर रेकॉर्डिस्टचे पैसे. कुठल्याही कंपनीसाठी नाही, घरच्यांसाठी आणि चार मित्रांसाठी केलेल्या गाण्यावर एवढा खर्च करायचा म्हणजे गंमतच. म्हणून सॅम्पल केलेला ड्रमकिट. कोणीतरी चांगल्या खोलीत चांगले माइक लावून एकेक फटका रेकॉर्ड करून ठेवलाय, आपण फक्त की-बोर्डवर बोट ठेवायचं.

सगळ्यात वरच्या पायरीवर काय आहे ते आज उगाच पाहून घेतलं. टूनट्रॅकचं सुपिरियर ड्रमर 3, 2017 मध्ये आलेलं. बेल्जियमच्या गॅलक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग यांनी रेकॉर्ड केलेले 230 जीबीहून जास्त आवाज. माझ्या लॅपटॉपची आख्खी डिस्क 512 जीबीची, त्यात घरातले सगळ्यांचे फोटो. वर डॉलरचे रुपये करा, त्यावर 18 टक्के जीएसटी, मग बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. बघितलं आणि टॅब बंद केला.

ओळखीतले बरेच जण क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरतात आणि मलाही पेनड्राइव्ह देऊ करतात. नको. त्यातला व्हायरस निस्तरायला माझ्याकडे वेळ नाही, आणि सॅम्पल करणाऱ्यांनीही महिनोन्महिने कष्ट केलेले असतात. फुकट हवंय, पण रीतसर फुकट.

मंगळवार

आज डाउनलोडचा दिवस. घरचं वाय-फाय माझ्या एकट्याच्या नावावर.

पहिला एमटी पॉवर ड्रमकिट 2. मांडा ऑडिओचा, पूर्ण मोफत, आकाराने छोटा. सुरू होताना देणगी मागणारी पाटी येते, ती ओलांडली की झालं. आवाज आधीच मिक्स केल्यासारखा, कॉम्प्रेशन मारून, म्हणजे लहान-मोठ्या आवाजातला फरक दाबून तयार. पॉप-रॉकचा डेमो करायचा असेल तर पाच मिनिटांत काम उरकतं, सोबत तयार ठेके पण आहेत. नंतर स्टीव्हन स्लेटचा मोफत किट, हाही दणदणीत, स्नेअर (खालून तारा लावलेला ड्रम) अगदी छातीत बसणारा.

दोन्ही उत्तम आणि दोन्ही माझ्या कामाचे नाहीत, हे कळायला फार वेळ लागला नाही. माझं गाणं सहा मात्रांचं, दादऱ्याच्या चालीतलं, बाई अगदी खालच्या आवाजात गाते. त्यामागे हे स्नेअर म्हणजे देवघरात फटाके.

मग एक चाचणी ठरवली. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (साठ डॉलरचा परवाना, माझ्या सगळ्या संगीतखर्चातला सर्वांत सार्थकी लागलेला) स्नेअरची नोट, म्हणजे जनरल मिडीच्या नकाशातली 38, ओळीने मांडली. (मिडी ही वाद्यं आणि संगणक यांची आपसातली भाषा, आणि या नकाशात प्रत्येक ड्रमला एक आकडा ठरलेला.) व्हेलॉसिटी, म्हणजे फटक्याचा जोर, 1 पासून सुरू, पाच-पाचने चढत 127 पर्यंत. हेडफोन लावून डोळे मिटून ऐकायचं. कुठे आवाजाचा पोत बदलतो आणि कुठे नुसता आवाज कमी-जास्त होतो, एवढंच बघायचं.

खऱ्या स्नेअरला हळू मारलं तर तो फक्त लहान होत नाही. चामडं वेगळं बोलतं, खालच्या तारा वेगळ्या खुळखुळतात, वरचा चरचरीतपणा जवळजवळ गायबच होतो. कमी खर्चातल्या किटमध्ये बऱ्याचदा मोठ्या फटक्याचाच आवाज खाली केलेला असतो. मग तो लांबून ऐकू आलेला मोठा फटका वाटतो, हळू वाजवलेला नाही. हा फरक एकदा कानाला लागला की पुढे प्रत्येक किटमध्ये ऐकू येतोच, सुटका नाही.

दुसरी चाचणी हायहॅटची, म्हणजे पायाने उघडबंद होणाऱ्या झांजांच्या जोडीची. नोट 42, सगळे फटके एकाच व्हेलॉसिटीवर. राउंड रॉबिन नसेल, म्हणजे एकाच जोराच्या फटक्याची वेगवेगळी रेकॉर्डिंग आलटून पालटून येत नसतील, तर टिक-टिक-टिक अशी शिवणयंत्रासारखी ओळ निघते. आई आतून म्हणाली, "अरे, ते घड्याळ बंद कर की." तिला राउंड रॉबिन काय माहीत, पण निकाल बरोबर होता.

गुरुवार

आता इतिहासात डोकावल्यावर थोडं बरं वाटलं. रॉजर लिन यांचं एलएम-1 हे 1980 चं यंत्र, खऱ्या ड्रम्सचे सॅम्पल वाजवणारं पहिलं ड्रम मशीन. किंमत 4,995 डॉलर, आणि एवढ्या पैशांत क्रॅश झांज नाही, राइड झांज नाही! झांजेचा आवाज लांबतो, लांब आवाजाला मेमरी लागते, आणि तेव्हा मेमरी सोन्याच्या भावाची. आज ज्या क्रॅशला मी "जरा पातळ आहे" म्हणून नाकं मुरडतोय, तो त्या काळी पाच हजार डॉलर मोजूनही मिळत नव्हता.

मिडी आलं 1983 ला. त्यातली व्हेलॉसिटीची 127 पर्यंतची मोजणी मी अजून तीच वापरतोय, आणि माझी सगळी भांडणं तिच्या खालच्या अर्ध्या भागात आहेत.

दुपारी ड्रमगिझ्मो लावून पाहिलं. मुक्त स्रोताचं, मुख्यतः लिनक्सवाल्यांचं लाडकं. कल्पना मला फार आवडली: प्रत्येक फटका सगळ्या माइकांत एकाच वेळी रेकॉर्ड केलेला, त्यामुळे किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) माइकमध्ये स्नेअरची गळती येते, ओव्हरहेडमध्ये, म्हणजे वर टांगलेल्या माइकांत, सगळा किट येतो. ही गळती, ज्याला ब्लीड म्हणतात, तीच किटला एका खोलीत बसवते. नाहीतर प्रत्येक ड्रम वेगळ्या गावात वाजल्यासारखा. पण त्याच्या किटना रॅम लागते. माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपचा पंखा असा गरगरला की मीच प्रकल्प सेव्ह करून बंद केला. 16 जीबी असलेल्याने मात्र जरूर बघावं.

शनिवार

मामेभाऊ आला, बरोबर ऑक्टापॅड. तो गेली कित्येक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतो, हळदीपासून गणपतीपर्यंत. पॅडची मिडी केबल लॅपटॉपला लावली, एका पॅडवर किकची 36, दुसऱ्यावर 38, तिसऱ्यावर 42 अशा नोटा दिल्या.

"दादा, एकदम हळू वाजव."

त्याने वाजवलं. स्क्रीनवर बघतो तर एकही फटका शंभराच्या खाली नाही. मैदानात हजार माणसांसमोर वाजवणारा हात तो, त्याच्या हिशेबाने हे हळूच होतं. मग पॅडचा कर्व्ह, म्हणजे किती जोराला किती आकडा हे ठरवणारी सेटिंग, बदलला, सेन्सिटिव्हिटी उतरवली, तेव्हा कुठे पन्नास-साठ दिसायला लागले. त्याने स्नेअर सोडून साइडस्टिक मागितली, म्हणजे काठी आडवी ठेवून रिमवर टक. नोट 37. "सहा मात्रांत चौथीवर एवढंच ठेव, बाकी हॅट हलतं ठेव," म्हणाला. दोनदा वाजवलं आणि गाणं जागेवर आलं. मोफत किट बघताना साइडस्टिक नीट आहे का हे कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या संथ गाण्यांना स्नेअरपेक्षा तीच जास्त लागते, असं माझं ठाम मत झालंय.

त्याला मी एमटी पॉवरपण ऐकवला. "हा मस्त आहे, हा मला हळदीला दे," म्हणाला.

रविवार

मिळालं. एसएफझेड नावाच्या फॉरमॅटमधले मोफत किट, वाजवायला प्लोगचं स्फोर्झांडो, तेही मोफत. एक व्हर्च्युओसिटी ड्रम्स, जॅझच्या वळणाचा. दुसरा कारोरीफरचा स्वर्ली ड्रम्स, हा तर काठ्यांऐवजी ब्रशने वाजवलेला. दोघांचीही खालची बाजू जिवंत. 38 ला वीस-पंचवीसवर वाजवलं तरी चामड्याचा श्वास ऐकू येतो. रॉकला घेतले तर लोक हसतील, पण मला रॉक करायचंच नाही.

एसएफझेडची खरी मजा पुढे आहे. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. लोव्हेल आणि हायव्हेल अशा जोड्या लिहिलेल्या असतात: या फटक्याचा सॅम्पल व्हेलॉसिटी इतक्यापासून इतक्यापर्यंत. म्हणजे किट न ऐकताच कळतं की 1 ते 60 या पट्ट्यात सॅम्पल किती आणि 100 च्या वर किती. जिथे खालचा सगळा पट्टा एकाच सॅम्पलवर सोडलाय तो किट माझ्यासाठी बाद, वर कितीही जीबी असोत. मोठ्या किटमध्ये एकात एक गुंतलेल्या खूप फाइली असतात, तेव्हा शोधाशोध करावी लागते, पण सगळं उघड्यावर असतं. पैसे देऊन घेतलेल्या बऱ्याच किटमध्ये ही सोय नाही.

अजून एक: अ‍ॅम्प-व्हेलट्रॅक. हा आकडा शंभर असेल तर व्हेलॉसिटीप्रमाणे आवाज पूर्ण खालीवर होतो. मी माझ्या प्रतीत साइडस्टिकसाठी सत्तर केला. फरक काय पडला? हळू टक आता हळूच राहते, पण पेटीखाली बुडत नाही. सॅम्पलला हात लावला नाही, एक आकडा बदलला.

दुपारी मिक्स करताना क्रॅशची शेपटी कापली जात होती. मिडीची नोट संपली की आवाज पण संपतो, झांज हाताने धरल्यासारखी. माझ्याच जोडलेल्या झांजेच्या ओळीत लूप-मोडला वन-शॉट लिहिलं, आणि क्रॅश शेवटपर्यंत वाजला. उघडं-बंद हायहॅट एकमेकांना कापतात त्या ऑफ-बायच्या ओळी मात्र जशाच्या तशा ठेवल्या. तिथे कापणं हवंच असतं.

परवान्याचं पण वाचून घेतलं. दोन्ही किट गाण्यात वापरून गाणं कुठेही टाकायला आडकाठी नाही. काही मोफत किटवर नाव देण्याची अट असते, काहींवर सॅम्पल पुन्हा वाटायला बंदी. प्रत्येक फोल्डरमधली छोटी टेक्स्ट फाइल उघडून बघायची, एवढं काम.

नोव्हेंबरच्या सेलमध्ये एखादा छोटा रॉक किट घ्यावा का, हा प्रश्न उरलाय. मामेभाऊ म्हणतो घे, हळदीचे ट्रॅक करायला. अर्धे पैसे त्याने दिले तर घेईन. या गाण्याला तो लागत नाही. उद्या किक, साइडस्टिक, हॅट आणि क्रॅश असे चार वेगळे ट्रॅक काढून मिक्स करणाऱ्याला पाठवायचे आहेत, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, आणि वर कुठलंही कॉम्प्रेशन न लावता.